वाल शिजेना म्हणून

आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं, ते आधी चुलीला कळलं. वाल कितीही रटरटले तरी दाणा टणकच.

बायको म्हणाली, "अवो, खाडी शिरली विहिरीत."

"नाय. बांध मी रोज बघतो."

आमचं घर कासू गावाच्या अंगाला. मागं डोंगर, पुढं खारी शेतं. बांध घालून खाडी थोपवायची, एवढंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केलं. शाळा मी नावापुरती शिकलो, पण पाण्याबाबत मला कुणी शिकवायचं नाय, असं मी समजत होतो आणि अजून समजतो.

भातं कापून झाल्यावर विहिरींच्या पाण्याची पाहणी करणारी बाई आली. म्हणाली, जिकडेतिकडे पंप लागले, गोडं पाणी उपसलं गेलं, म्हणून खारं जमिनीखालून आत सरकतंय. पावसाचं पाणी मुरवलं तर ते मागं हटेल. त्यासाठी जागा हवी.

मी तिला सगळ्यांत खालच्या खाचरात नेलं. "इथलं पाणी दिवाळीपर्यंत हटत नाय. याहून चांगली जागा दाखवा."

"काका, हटत नाही म्हणजेच मुरत नाही."

मला राग आला. खड्डा खणला, पिंपानं पाणी ओतलं. संध्याकाळी जाऊन बघतो, तर पाणी तसंच आणि त्यात बेडूक बसलेला.

दुसऱ्या दिवशी बाई चढण चढत डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि थांबली ती नेमकी आमच्या खळ्यावर. तिथं दरसाल आम्ही भात झोडतो. कडेला खड्डा घेतला, पाणी ओतलं. मी बिडी पेटवेस्तोवर खड्डा रिकामा.

"आणखी ओता," मी म्हटलं. तेही गेलं. "माती तहानलेली हाय. उद्या बघू."

उद्याही तेच. शेजारी हसला, "पाणी तुझ्यासारखंच हाय, ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं जाणार!"

मला बसवेना. विहिरीवरून खळ्यावर, खळ्यावरून विहिरीवर. आज्यानं चोपून केलेलं खळं होतं ते. शेणानं सारवल्याशिवाय त्यावर पाणी ठरत नसे, हे मी जन्मभर बघत आलो होतो. पण म्हणून खळं फोडायचं?

बायको म्हणाली, "भात झोडायला अंगण हाय. वाल शिजवायला दुसरी विहीर हाय का?"

खळं दिलं, पण पहिली कुदळ माझी, असं ठणकावून.

आता पावसात डोंगराचा वहाळ खळ्यावर खणलेल्या मोठ्या खड्ड्यात वळवतो. दोन पावसाळे गेले. तरी चुलीवर वाल चढले की माझा पाय घरात ठरत नाय.

"काय गो, शिजले?"

"झाकण सारखं उघडून वाफ घालवताय, शिजतील कसे?"

एक दाणा चिमटीत दाबला. वरून चिरडला, आत कणी राहिली.

"आधी तर दाणा दबतपण नव्हता," ती म्हणाली.

मी कुदळ उचलली. खड्ड्याच्या तोंडाशी गाळ साचला असणार.