तिसरी बाजू

संपाच्या दिवसांत परळला गिरणीच्या गेटसमोर मी बसची वाट बघायचो. शेजारी फोल्डिंग खात्यातला एक कामगार कागदाची पट्टी दुमडून षटकोनी कोडी करत बसायचा, उलगडली की आतली लपलेली बाजू वर येणारी. प्रत्येक घडी कापडाची असल्यासारखी अंगठ्याच्या नखानं दाबायचा.

त्या सकाळी कामावर हजर व्हायची नोटीस त्याच्या खिशातून डोकावत होती. गेटपाशी संपकरी आत जाणाऱ्यांची तोंडं लक्षात ठेवत होते. त्यानं नवं कोडं माझ्या हातात दिलं. एका बाजूवर बंद गेट काढलेलं. कोपरे चिमटून उलगडलं की दुसरीवर उघडं.

"तिसरी लपलीय. शोधा, साहेब."

सापडली. कोरी होती.

"इथं काय काढणार?"

"ते भोंगा झाल्यावर."

भोंगा झाला. तो उठला. तेवढ्यात माझी बस आली आणि मी मागं न बघता चढलो.

कोडं माझ्याकडेच राहिलं. तिसरी बाजू अजून कोरी आहे.