चुलीवरची वरी

वरीचं बियाणं आमच्या वाडीत कुणी विकत घेत नसे. शेणाने सारवलेल्या करंड्यात भरायचं आणि चुलीच्या वर टांगायचं. पोलादपूरच्या डोंगरावर पावसाळाभर धुकं घरात शिरतं; खाली धूर असायचा म्हणून दाणा सुका राहायचा. मग माझ्या मुलाने खांद्यावरून गॅसची टाकी चढवली. डोळे चुरचुरायचे थांबले, सगळे खूश. करंडा तिथेच टांगलेला राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाने सांगून टाकलं, उतारावर वरी लागली तर वाडीत राहीन, नाहीतर महाडला कंपनीत जाईन. बाकीची घरं मुंबईला गेलेली, त्यामुळे हे बियाणं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. रोपं काढायचा राब पालापाचोळा जाळून, भाजून तयार होता. मी चिमूटभर वरी ओल्या फडक्यात बांधून पाहिली. मोड नाही. करंड्यातली सगळी वरी उन्हात वाळवली, दाताखाली कडकन फुटायला लागली, तरी मोड नाही. मग फडकं पोटाशी बांधून झोपले, ऊब मिळावी म्हणून. नुसता कुबट वास आला.

जुनी बियाणी गोळा करणाऱ्या शेतकी कॉलेजातल्या एक बाई खालच्या वरंध गावात यायच्या. मुलगा त्यांना मूठभर वरी देऊन आला. काही दिवसांनी त्या स्वतःच चढून आल्या. म्हणाल्या, दाणा नीट सुकला की त्याच्या आतलं सगळं काचेसारखं घट्ट होतं आणि जीव त्यात थांबून राहतो. ओल शिरली की ती काच मऊ पडते आणि थांबलेला जीव म्हातारा व्हायला लागतो. प्रयोगशाळेत चिमूटभर दाणे डबीत बंद करून हळूहळू तापवतात. किती तापल्यावर काच मऊ पडते ते यंत्र रेघ काढून दाखवतं. ओल जास्त असेल तर थोड्या उष्णतेलाही मऊ पडते.

"पण आता परत कडक झालाय की," मी म्हटलं.

"चिक्की सादळली तर परत कडक करता येते, आजी. दाण्याच्या आत जे मेलं ते मेलं."

"तुमचं यंत्र उठवील त्याला?"

"नाही. ते फक्त बघतं."

"मग एवढी चढण कशाला चढलात?"

मुलाने बाईंपुढे चहा ठेवला. "मनावर घेऊ नका, बाई. आमची आय अशीच हाय."

एखादा दाणा जिवंत असेल म्हणून अर्धी वरी राबात दाट पेरली. गवत उगवलं. गवत उपटून मी जमीन बोटांनी चाचपली, रोज. शेवटी उरलेली अर्धी कांडली आणि भात रांधला. चवीला नेहमीसारखाच होता. मुलाने दोनदा वाढून घेतला आणि सकाळी पिशवी घेऊन खाली उतरला.