आत्याच्या पायाखालचा ब्रेक

आत्यानं खालच्या मजल्यावरच्या काकूंना चप्पल फेकून मारली, अशी बातमी आमच्या इमारतीत फिरते आहे. साफ खोटी. चप्पल नव्हती, उशी होती. तीही बंद दारावर आपटली. काकू तोवर जिना उतरून पसार.

काकूंनी केलं काय, तर समोर बसलेल्या आत्याला ओलांडून माझ्या बाबांना विचारलं, "जेवते का हो ती-ई?" मी ती 'ती-ई' हुबेहूब काढून दाखवली, तरी आत्या हसली नाही. "मला विचारायला जीभ झडते का हिची?"

आत्या गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी तिची सीट, आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक. "अहो, आरशात भांग काय बघताय, मागचा ट्रक बघा!" हे तिचं रोजचं. पण कॅन्सर झाल्यापासून तिच्याशी कुणी धड बोलत नाही. बाबा तर त्याला 'ते' म्हणतात. 'त्याच्या' गोळ्या, 'त्याची' तपासणी.

परवा डॉक्टरांनी रिपोर्ट सांगायला एकट्या बाबांना आत घेतलं. जिचा रिपोर्ट, ती माझ्यासोबत बाहेर बाकावर, दातओठ खात.

"पैज लाव कार्टे. घरी पोचायच्या आत तुझा बाप खरं बोलेल."

"बाबा? शक्यच नाही!"

"हरलीस तर महिनाभर माझी गाडी धुवायची."

बाबा बाहेर आले. "चला चला, सगळं म-स्त!" आत्याच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून तिची शिकवायची गाडी बाबाच चालवत होते. ती शेजारी तिच्या नेहमीच्या सीटवर, मी मागे.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले?"

"तू फक्त आराम कर."

खच्चकन ब्रेक. माझं नाक पुढच्या सीटवर.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"काय म्हणाले?"

"होईल गं सगळं ठीक."

पुन्हा खच्च. मागून येणारी बस जेमतेम थांबली. बसवाला आमच्या खानदानाचा उद्धार करायला लागला.

"शरीर माझं आणि बैठका तुमच्या! मी मेल्यावर कळवणार आहेस का मला?"

"पसरलाय!" बाबा किंचाळले. "कॅन्सर यकृतात पसरलाय! झालं समाधान? मला नाही जमत सांगायला... नाही जमत!"

आत्यानं ब्रेकवरून पाय काढला.

"पुढच्या वेळी आत मी जाणार."

"मी पण येतो."

"ये. पण बोलणार मी. आता गाडी बाजूला घे, बस जाऊ दे. इंडिकेटर कोण देणार, तुझा सासरा?"

मग मान वळवून मला म्हणाली, "गाडी धुताना निळी बादली घे. काळी गळते."