कळकलेलं पाणी

ही गोष्ट मी बायकोखेरीज कोणालाही सांगितलेली नाही. तिलाही सांगितली असं म्हणता येणार नाही, कारण ती तिनंच आधी ओळखली.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. मी तिथे नकाशे काढायचो. गाव नाशिककडचं, घरी द्राक्षाचा मळा. समुद्र मी नोकरीला आल्यावर पहिल्यांदा पाहिला. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी उरायचं. त्यात बोटभर लांबीचे मासे अडकायचे, पिवळसर, अंगावर काळे पट्टे. आणि खडकाला चिकटलेली ती फुलं. हात लावला की मिटायची, जरा वेळानं पुन्हा बोटं पसरायची. ती फुलं नव्हेत, प्राणी आहेत, कोळंबीचा तुकडा दिला तर गिळतात, हे कळल्यावर मला वेडच लागलं. हे सगळं घरात पाहिजे.

लोखंडी चौकट खाऱ्या पाण्यात टिकणार नाही, म्हणून सिमेंटची पेटी केली. पुढच्या बाजूला तेवढी काच, फटींना डांबर. महिनाभर पाणी भरून ओतून सिमेंटचा तिखटपणा घालवला. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब शेजाऱ्यांच्या सायकलपंपानं भरायची आणि दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीतून थोडे थोडे बुडबुडे सोडायचे. आमच्या लायनीतली सगळी बिऱ्हाडं बघून गेली. "समुद्रफूल म्हणजे मसाल्यातलं दगडफूल का हो?" असं एका वहिनींनी विचारलं, त्यावर आठवडाभर हसलो.

एक दिवसाआड थोडं पाणी बदलावं लागे. ते आणायची मासे विकणारी मावशी. चिंचणीच्या बाजूनं पाटी घेऊन यायची, तिची सून तेलाचा पत्र्याचा डबा भरून पाणी आणायची. लायनीतल्या प्रत्येक दारात मावशीची पाटी उतरायची. आमच्याकडे पाणी माठात ओतलं जायचं, गाळ खाली बसला की पेटीत. दोन महिने सगळं छान चाललं.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. माझी आई गावाहून आली आणि येताना तांब्याचा मोठा हंडा घेऊन आली. माठाला तडा गेलाच होता. आई म्हणाली, "तांब्यात ठेव रे, पाणी निवळतं. पिण्याचं काय नि माशांचं काय." आणि त्याच आठवड्यात मावशी पेटीवर वाकून काचेला बोट लावत होती, तेव्हा मी तिला म्हणालो, "हात लावू नका. तिकडे मागच्या दारी बसा."

मावशीनं बोट काढलं. "माझा हात लागून मरतील काय, साहेब? यांना आमीच तर जन्मापासून बगतो."

चार दिवसांनी पहिलं फूल मिटलं ते उघडलंच नाही. मग दुसरं लोळागोळा होऊन खडकावरून सुटलं. मासे पाण्याच्या वर तोंड काढून राहिले.

दृष्टबिष्ट मी मानत नव्हतो. शिकलेला माणूस होतो, म्हणून मी विषावर संशय घेतला. अपमान झाला, आता सूड उगवतेय. डबा आला की मी पाणी जिभेवर घेऊन बघू लागलो. डब्यावर खडूनं खूण केली. तिची सून हसली तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. "आज किती रायले, साहेब?" असं मावशीनं सहज विचारलं, तर वाटलं, मोजतेय.

एका रविवारी सकाळी मी सुरूच्या झाडांआड उभा राहिलो. मावशी स्वतः डबा घेऊन गढूळ भाग ओलांडून पार कमरेइतक्या पाण्यात गेली होती. परत उथळ पाण्यात आली, डबा रिकामा केला, वाकली आणि मूठभर काहीतरी त्यात टाकलं. मी तिथूनच मागे वळलो. मला हवं होतं ते मिळालं होतं. मिनिटभर थांबलो असतो तर रेतीनं डबा घासून, विसळून, ती पुन्हा खोल पाण्यात भरायला गेलेली दिसली असती. सगळ्या कोळणी डबा असाच घासतात, हे मी नंतर कितीदा तरी पाहिलं.

संध्याकाळी मी लायनीत सांगितलं. फार नाही बोललो. कमीच बोलायची माझी सवय. "पाण्यात काहीतरी टाकते, डोळ्यांनी पाहिलं. मासळीचं काय करत असेल कोण जाणे." एवढंच. मंगळवारी एकाही दारात पाटी उतरली नाही.

ती आमच्या मागच्या दारी आली. "साहेब, मी काय केलं?"

"तुम्हालाच ठाऊक."

"मला ठाव असतं तर विचारलं असतं काय?" ती बायकोकडे वळली. "बाय, तू तरी सांग."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मावशीनं पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. डबा आमच्याकडेच राहिला.

मग पाणी मी आणू लागलो. स्वतःच्या हातानं भरायचो, वाटेत झाकण काढत नव्हतो, आणून हंड्यात ओतायचो. मासे एकामागून एक मेले.

शेवटी बायकोनं हंडा चिंचेनं घासायला घेतला आणि मला हाक मारली. "अहो, हे बघा." आत पाण्याच्या रेषेवर निळसर हिरवा थर होता. "कळकलंय. ताक ठेवलं तर कळकतं, म्हणून आपण ठेवत नाही. मीठही तसंच करत असेल ना?"

तो रंग मी ओळखला. मळ्यावर मोरचूद मारताना बादलीच्या काठाला हाच रंग चढायचा. मोरचुदातलं, बुरशीला मारणारं तांबं लहानपणापासून बघत आलो होतो, आणि आंबट सोडून काही कळकत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"मावशीला सांगा," बायको म्हणाली.

"सांगतो. तू बोलू नकोस कुठे."

एकच फूल उरलं होतं, सुपारीएवढं आक्रसलेलं. ते लोणच्याच्या बरणीत ठेवलं, पाणी डब्यातून थेट ओतत गेलो. आठ दिवसांनी त्यानं बोटं बाहेर काढली. मग मी ते खडकाच्या कपच्यासकट मावशीच्याच डब्यात घालून किनाऱ्यावर नेलं.

मावशी खडकावर कालवं फोडत बसली होती. आमची लायन बंद झाल्यापासून ती हेच करत होती. डबा ओळखून उठली.

"माझा हाय तो."

"हो. द्यायलाच आलो."

तिनं आत पाहिलं. "जिता हाय?" बोट बुडवलं. फूल तिच्या बोटाला हलकेच चिकटलं, मग मिटलं. ती हसली. "बगा. हात लागला, मेला नाय."

मी म्हणालो, "मावशी, तुमचं पाणी चांगलं होतं." हंड्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

"ते मला सांगून काय उपेग?" तिनं फूल खळग्यात ठेवलं, डबा पालथा करून झटकला. "मला ठाव हाय. तुमच्या लायनीत सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या घराचं दार वाजवलं. त्याच वहिनींनी उघडलं, दगडफूलवाल्या. त्यांचे यजमान मागून आले, "या, या," म्हणाले. ओट्यावर अर्धवट चिरलेली सुरमई होती, बोईसरच्या बाजारातून आणलेली. त्या म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर सावध केलंत हो."

मी हातातला सायकलपंप पुढे केला. तो परत करायला आलोय, असं सांगितलं, आणि घरी आलो.