आईच्या हातचं वॅक्स

आमच्या घरात वॅक्सला वॅक्स कोणी म्हणत नाही. पाक म्हणतात. "पाक करायचा आहे, निंबं आण," असं आई म्हणाली की नव्या माणसाला वाटतं, आज गुलाबजाम होणार. एकदा शेजारच्या काकू खरंच वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. आईनं त्यांनाच खाली बसवलं, त्यांचे दोन्ही हात करून दिले, आणि काकू वाटी आमच्याकडेच विसरून कोपरापर्यंत हात चोळत घरी गेल्या.

साखर, निंबाचा म्हणजे लिंबाचा रस, थोडं पाणी आणि मंद गॅस. सामान एवढंच, बाकी सगळं आईच्या डोळ्यांत. पाक आधी पिवळसर होतो, मग मधाच्या रंगाचा होतो, आणि चहाचा रंग यायच्या आत गॅस बंद करायचा. गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकून बघायचा. पसरला तर कच्चा, कटकन मोडला तर चिक्की, बोटात मऊ गोळी झाली तर जमला. पट्ट्या माझ्या कॉलेजातल्या जीन्सच्या. हाताला पावडर लावायची, बोथट सुरीनं केसांच्या दिशेनं पातळ थर द्यायचा, पट्टी दाबायची आणि उलट्या दिशेनं खस्सकन ओढायची. काम झालं की पट्ट्या गरम पाण्यात धुऊन दोरीवर. साखरच ती, पाण्यात निघून जाते.

आणि सगळ्यात मोठा नियम, कूलर बंद. कूलरच्या ओल्या हवेत पाक सुटतो, हात चिकचिक होतो आणि केस जागच्या जागी राहतात. मे महिन्यात नागपुरात भरदुपारी कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. आणि आमच्याकडची सगळी लग्नं मे महिन्यात.

आई नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात लग्न होऊन आली आणि बाबांच्या नोकरीमुळे लवकरच धरमपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला लागली. पाक ती इथं शिकली, घरमालकिणीकडून. पण तिचं खरं राज्य गावाकडे. बाबांच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात, हळदीच्या एक दिवस आधी, नवरीला पाक लावायचा मान आईचा. मागच्या खोलीत सतरंजी, दार लावलेलं, कूलर बंद, दहा-बारा बायका घामानं निथळत बसलेल्या. पहिली पट्टी ओढली की नवरी किंचाळणार, आणि कोणीतरी म्हणणार, "आत्ताच बोंबलते काय वं, पुढं सारा संसार पडला आहे!" सगळ्या हसणार. एरवी आई म्हणजे धाकट्या दिराची बायको. स्वयंपाकघरात तिला कोणी विचारत नाही, वाण देताना कोणी पुढे बोलावत नाही. त्या एका दुपारी मात्र ती बोलायची आणि बाकीच्या ऐकायच्या. तिची मोठी जाऊ, म्हणजे माझी मोठी आई, सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई, तीसुद्धा आईच्या हुकमावरून वाटीत गार पाणी आणून द्यायची. मला ते बघायला फार आवडायचं.

आता माझं. मी तीन वर्षांपूर्वी वॅक्स करणं सोडलं. मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तिथं एकानं माझ्या हाताकडे बघून काहीतरी पाचकळ विनोद केला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून सुरीला हात लावला नाही. केस माझे, हात माझा, ज्याला बघवत नाही त्यानं खिडकीबाहेर बघावं. बिनबाह्यांचा ड्रेस घालून मी घरातल्या साखरपुड्याला गेले, बारशांना गेले. मोठी आई मला अस्वल म्हणाली, तर मी म्हटलं, अस्वल म्हण, पण अंतर ठेवून म्हण. आईनं मात्र कधी वाद घातला नाही. "तुहा हात, तुही मर्जी," एवढंच. त्यामुळे घरात बंडखोर कोण, तर मी, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर आईनं पाक केला नाही. तिच्या हातावर काळी लव आली, ओठावर आली, आणि मी मनात म्हटलं, चला, आईही सुटली एकदाची. तिला विचारलं मात्र नाही.

बाबांना जाऊन नऊ महिने झाले आणि मोठ्या आईच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या चार दिवस आधी मोठ्या आईचा फोन आला. आईचे हात कणकेत होते म्हणून मीच स्पीकर लावला.

"तू मनावर नोको घेऊ वं," मोठी आई म्हणाली. "मले काही नाही वाटत. पण पोरीच्या सासरची माणसं जुन्या वळणाची आहेत. तुले अजून वर्ष व्हायचं आहे. नवरीच्या अंगाले तू हात नोको लावू. तू फक्त पाक करून डब्यात पाठवून दे. यष्टीवाल्याजवळ दिला की येऊन जाते. आम्ही इकडे लावून घेतो."

आई म्हणाली, "बरं, बाई." आणि कणीक मळत राहिली.

म्हणजे बघा. तिच्या हातचा पाक चालतो, तिचा हात चालत नाही. नवरा काय तिनं मुद्दाम घालवला होता? हे सगळं माझ्या जिभेवर होतं. साखरपुड्यात, बारशात उघडे हात मिरवणारी मी, त्या फोनवर एक अक्षर बोलले नाही. मूग गिळून बसले. स्वतःची समजूत काढली, की लग्नाच्या घरात कशाला भांडण, वर्ष व्हायला तीन महिनेच तर राहिलेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती म्हण माझ्यासाठीच केली असावी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईनं सकाळीच साखर मोजली, निंबं कापली. मी ओट्यावर चढून वरच्या फळीवरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला, पुसला, झाकण लागतं का बघितलं. वर आईला विचारलंही, यष्टी स्टँडवर मी जाऊन देऊ का?

आईनं गॅस बंद केला. थेंब पाण्यात टाकला, बोटात गोळी केली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हा डबा कायले काढला?"

"गावाकडे पाठवायला."

"मीनं सांगतलं होतं तुले काढाले?"

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"बाई बोलल्या त्याचं मले काही नाही वाटलं," ती म्हणाली. "त्या तशाच आहेत. पण तू मले न विचारता डबा पुसून राहिली. तुले वाटलं, माय काय, देऊन टाकीन."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे फार लागलं. तिच्यावर झालेला अन्याय मी स्वच्छ पुसून, झाकण लावून बांधून द्यायला निघाले होते. मला माझाच राग आला आणि रडूही आलं.

आईनं पातेलं थंड होऊ दिलं. मग बाहेरच्या खोलीत चटई टाकली, कूलर बंद केला, कपाटातून पट्ट्या काढल्या आणि स्वतःच्या डाव्या हाताला पावडर लावली.

"आता कोणासाठी?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर कळलं, की हाच प्रश्न तिकडच्या सगळ्या बायका विचारणार आहेत.

"आधी कोणासाठी करत होती?" आई म्हणाली. "तुया बाबाले तर माया हात केला का नाही हेही समजत नोहतं. मले आवडते. हात हलका वाटते. नऊ महिने नाही केला, काहून की लोक म्हणतीन. लोक तर तसेही म्हणूनच राहिले."

डावा हात तिनं स्वतः केला. उजव्या हाताला तिची पट्टी नीट ओढली जाईना, मनगटात जोर राहिला नाही आता. मी पुढे सरकले. तीन वर्षांनी सुरी हातात घेतली. माझा थर जाड बसला, पहिली पट्टी वाकडी निघाली, आईनं "अवं, सरळ ओढ नं, भीत काहून आहे?" म्हणून दटावलं. माझे केसाळ हात तिच्या हातावर फिरत होते आणि तिला त्याचं काही नव्हतं, मलाही नव्हतं. घाम नाकावरून टपकत होता. तिचं हातापायाचं झालं, ओठावरचं झालं, आणि पातेलं रिकामं झालं. डबा ओट्यावर तसाच राहिला. गावाकडे काहीच गेलं नाही, आणि आईनं फोनही केला नाही.

दोन दिवसांनी, हळदीच्या आदल्या दिवशी, मी घरूनच काम करत होते. अकराच्या सुमारास दार वाजलं. दारात नवरी. मोठ्या आईची धाकटी मुलगी, डोक्यापासून मनगटापर्यंत ओढणी गुंडाळलेली, यष्टीच्या धुळीनं लाल झालेली. नागपूरच्या टेलरकडून ब्लाउज आणायचा आहे, असं घरी सांगून एकटीच निघाली होती.

"काकू, हे पाह्य," म्हणून तिनं ओढणी काढली.

डावा हात बघवत नव्हता. काही पट्टे केसांचे, काही पट्टे साखरेचे, मनगटाशी तांबडा डाग. डबा आला नाही म्हणून मोठ्या आईनं आदल्या संध्याकाळी स्वतःच पाक केला होता. आणि घरी मोसंबीचा एवढा बगीचा असताना निंबं कशाला आणायची, म्हणून तिनं त्यात पिळली मोसंबी. आंबट ते आंबट, असा हिशोब. पाक पातेल्यात बरा दिसला, हातावर गार झाला आणि रवाळ होऊन बसला. साखरेची परत साखर झाली. पट्टी ओढली तर नुसते खडे निघाले.

"मोसंबी आजाऱ्याले पाजत असतात," आई म्हणाली. "तिच्यात कुठली आली एवढी खटाई?" तिला हसू आवरेना. मग ती हसायची थांबली, दोन पावलं मागे सरकली, आणि हात पदरात घेतले.

"तुले सांगतलं नं बाईनं, मी हात नाही लावायचा म्हणून?"

"सांगतलं," नवरी म्हणाली. "म्हणूनच तर आली."

"अवं, तुले समजत नाही. उद्या तुया घरी दूध उतू गेलं तरी मायावर येईन."

"येऊ दे. मी सांगीन, दूध मीनंच ठेवलं होतं."

मला कळत होतं की ही भीती खोटी नाही. पुढे पोरीला काही झालं, सासूशी पटलं नाही, मूल उशिरा झालं, तर बोट आईकडेच दाखवतील, आणि ते बोट माझ्याकडे नाही, तिच्याकडे असेल. या वेळी मी शहाणपणा केला नाही. नुसतं विचारलं, "आई, काय करू?"

"निंबं आण," आई म्हणाली. "अन् तो कूलर बंद कर."

कोमट पाण्यानं तिनं आधी हातावरची सगळी साखर सोडवली. हात कोरडा केला, पावडर लावली. भाजलेल्या डागाला सोडून दिलं, तिथं कोरफडीचा गर लावला. मग तासाभरात ते दोन्ही हात आणि दोन्ही पाय असे झाले, की नवरी स्वतःच्याच हातावरून हात फिरवत बसली. पहिल्या पट्टीला ती किंचाळली तेव्हा मागच्या खोलीतल्या बायकांचं वाक्य आई स्वतःच बोलली, पुढं सारा संसार पडला आहे. आम्ही तिघी खूप हसलो, आणि हसता हसता नवरी रडली, कारण तिला आमचे बाबा आठवले. तिला सायकल त्यांनीच शिकवली होती.

चेहऱ्याचं शेवटचं काम चाललं होतं आणि फोन वाजला. मोठी आई. नवरीनं मानेनं नको नको केलं. मी फोन कापायला हात पुढे केला, तर आईनं बोटं पदराला पुसली आणि उचलला. स्पीकर तिनंच लावला.

"टेलरकडे फोन केला, तिथं पोचलीच नाही पोरगी. तुयाकडे आहे का?"

"आहे, बाई. माया समोर बसली आहे."

मग मोठ्या आईनं खालच्या आवाजात विचारलं, "हात कोणी लावला तिले?"

"मीनं लावला," आई म्हणाली. "दोन्ही हात, दोन्ही पाय, तोंडालेही. आता लग्न मोडायचं असन तर मोडून टाका. नाही मोडत, तर उद्या हळदीले मी येऊन राहिली, अन् मी मागं नाही बसत."