आवाजाचं पॅकेज निघून गेल्यावर

इथे, या ग्रुपवर, तुम्हा सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते. वाचते, हसते आणि पुढे जाते. माझं वय सदुसष्ट, शाळा सातवीपर्यंत. पण अंगात आलेल्या बाईला तोंडावर "चहा पिऊन घे, उतरेल" म्हणणारी मी. तेव्हा मी भुताचं सांगतेय असं धरू नका. झालं तेवढं सांगते... कोणी कॉम्प्युटरमधला जाणकार असेल तर त्याने मला समजावून सांगावं. नावं बदलली आहेत.

आम्ही म्हसावदचे. शहादा तालुका, नंदुरबार जिल्हा. आमची पुढची खोली थेट रस्त्यावर उघडते. तिथे माझे तीन जुने कॉम्प्युटर आहेत, मुली-बायका फॉर्म भरायला येतात. तिन्हींवर लिनक्स — म्हणजे फुकट मिळणारी, कोणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी सिस्टीम. मला कोणी शिकवलं नाही. मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटरचा डबा होता, त्यावर व्हिडिओ बघत बघत घातली. तीनदा बिघडवली, चौथ्यांदा चालली. आमचे हे शेतातून आले की ओरडायचे, "डाळ करपनी ना! काय टाइप करी ऱ्हायनी तू?" पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळायला लागली की मला डाळ काय, काहीच आठवत नाही.

मोतीबिंदू झाल्यापासून एका मशीनवर मी वाचून दाखवणारा आवाज बसवून घेतला. पडद्यावर येईल ते तो मराठीत वाचतो. एकसुरी, नाकातून, सर्दी झालेल्या तलाठ्यासारखा. त्याला मायाही नाही आणि रागही नाही.

आता मनीचं सांगते. मनी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, तेव्हापासून तिला माहेर म्हणजे मीच. नवरा मारायचा. चापट-बुक्की नाही हो... पाइपाने, पट्ट्याने, एकदा उलथनं तापवून. शेवटच्या खेपेला गळ्याजवळचं हाड मोडलं तशीच ती बस धरून माझ्याकडे आली. दीड महिना झाला होता. तो फोन करायचा, "तुले अन् तुन्ह्या मावशीले, दोन्हीस्ले तोडसू." आठवड्यापूर्वी मनीने फोनच बंद करून कपाटात टाकला होता. तिला नर्सिंगला जायचं होतं.

मंगळवार होता, सकाळची वेळ. माझ्या बोलक्या मशीनची आवृत्ती जुनी झाली होती, म्हणून मी अपग्रेडला बसले. अपग्रेड म्हणजे घरात राहून घराच्या भिंती बदलणं. जुनं निघतं, नवं बसतं, आणि मध्येच थांबलं तर ना जुनं ना नवं. म्हणून माझा नियम — एकदा सुरू झालं की जागेवरून उठायचं नाही. वीज जाईल म्हणून बॅटरी लावलेली. शेजारच्या मशीनवर मनी फॉर्म भरत होती, दाराकडे पाठ करून.

आवाज एकेक ओळ वाचत होता. अकराच्या सुमारास तो वाचता वाचता थांबला. का थांबला ते मला माहीत होतं. जुनं आवाजाचं पॅकेज, म्हणजे तो वाचणारा प्रोग्राम, काढलं गेलं होतं, नवं शेवटी बसणार होतं. मग पडद्यावर प्रश्न आला. मी हाताने बदललेली सेटिंगची एक फाइल होती, ती तशीच ठेवू की नवी टाकू? होय की नाही? कर्सर लुकलुकत होता. मी चष्मा पुसत होते.

आणि आवाज बोलला.

"दार लाई ले. तो ई ऱ्हायना."

तोच, नाकातला. दार लावून घे, तो येतोय म्हणे. पण अहिराणीत, आमच्या घरच्या बोलीत! त्याला अहिराणी येत नाही हो. मी कधी एक अक्षर तसलं लिहून ठेवलेलं नाही. पडद्यावर तर तो एकच प्रश्न.

मनीने मान न वळवता विचारलं, "कोन बोलनं, मावशी?"

"कोनी नही. मशीन बरळी ऱ्हायनं."

दार चार पावलांवर होतं. मी उठले नाही. अपग्रेड चालू होतं ना.

दोन मिनिटंही झाली नसतील. तो दारात उभा. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, काखेत गुंडाळलेलं गोणपाट. "राम राम मावशी."

इथे मी काय केलं ते नीट वाचा, कारण मला ते लिहायला लाज वाटते. मशीनसाठी न उठणारी मी, ताडकन उठले. पदर सारखा केला आणि म्हटलं, "या जवाईबापू, बसा. पाणी आणते." जावई दारात उभा आणि त्याला पाणी विचारलं नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मनीचं मोडलेलं हाड मी स्वतः शेकलं होतं. तरीही पाय स्वयंपाकघरात, माठाकडे गेले.

मी माठात ओगराळं घातलं, तांब्या अर्धा भरला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून तोच आवाज. घाई नाही, चढ नाही.

"मनी, खाले बस."

आणि लगेच काच फुटल्याचा आवाज.

मी पळत आले. गोणपाट खाली पडलेलं, त्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता. मनी टेबलाखाली होती. तिची मान जिथे असायला हवी होती तिथून कोयता गेला होता आणि मॉनिटरमध्ये रुतला होता. त्याने तो खेचून काढला, वाकला आणि टेबलाखाली मारला. मनीने डावा हात पुढे केला. दोन बोटं गेली... फरशीवर माझ्या पायाशी आली ती. तिसरा घाव खांद्यावर.

मग मी तांब्याने त्याला मारलं. कानावर. अर्धाच भरलेला तांब्या, पण जड. तो गुडघ्यावर आला तरी मी मारत राहिले. तांब्याला पोचे पडले, त्याच्या कानातून रक्त यायला लागलं, माझ्या बांगड्या फुटून माझ्याच मनगटात घुसल्या. हात थांबेना. शेजारची बाई सांगते की मी प्रत्येक घावाला "जवाईबापू, जवाईबापू" म्हणत होते. मला ते आठवत नाही. लोकांनी मला ओढून बाजूला केलं आणि मग त्याला दोरीने बांधून त्यांनी मारलं. मी थांबवलं नाही.

मनी वाचली.

आठ दिवसांनी दवाखान्यातून आल्यावर मी मशीनकडे बघितलं. कोयता मनीच्या मॉनिटरवर पडला होता, माझ्या डब्याला ओरखडाही नव्हता. बॅटरी संपून तो कधीतरी बंद पडलेला. त्याची डिस्क काढून मी दुसऱ्या मशीनला लावली आणि नोंदी वाचल्या. अपग्रेड काय काढतं, काय बसवतं, कधी, सगळं लिहून ठेवतं. दहा बावन्नला आवाजाचं पॅकेज काढलं. दहा अठ्ठावन्नला प्रश्न विचारला. पुढे काही नाही. नवा आवाज बसलाच नाही. म्हणजे दहा बावन्ननंतर त्या डब्यात बोलणारं काही नव्हतंच! सगळी डिस्क शब्द घालून शोधली. "खाले" नाही, "ई ऱ्हायना" नाही. मनीचा फोन कपाटात बंद, माझा आत चार्जिंगला. रस्त्यावरून कोणी बोललं म्हणावं, तर रस्त्यावरच्या माणसाचा आवाज त्या डब्यातून का यावा?

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण कोर्टात तारीख लागली. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की कोयता मनीनेच ओढला, झटापटीत लागलं, मारायला कोणी आलंच नव्हतं. मनी म्हणाली, माझी पाठ होती. वकील म्हणाला, पाठ होती तर वार चुकवला कसा? मनीने पोलिसांना लिहून दिलं होतं, "मावशी ओरडली म्हणून मी खाली बसले." आता सगळं त्या एका ओरडण्यावर येऊन थांबलं. ते खोटं ठरलं असतं तर तो सुटला असता, आणि सुटला असता तर मनी किती दिवस जगली असती ते मला कोणी सांगायला नको.

मला पिंजऱ्यात उभं केलं. शपथ दिली.

"तुम्ही स्वयंपाकघरात होतात ना?"

"हो."

"मग ओरडलं कोण, आजी?"

मी मनीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"मी."

"काय ओरडलात?"

"मनी, खाले बस."

त्याला शिक्षा झाली. तो आत आहे.

निकालानंतर नंदुरबारच्या स्टँडवर बसची वाट बघताना मनी म्हणाली, "मावशी, तू खोटं का बोलनी?"

मी चिडले. "तूच सांगेल व्हतं ना पोलिसले, मावशी वरडनी म्हनीसन!"

"दुसरं काय लिखी लेतात पोलीस?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तो मन्हाच आवाज व्हता, मावशी. पन मन्हं तोंड बंद व्हतं."

मी तर नाकातला, तलाठ्यासारखा आवाज ऐकला होता. दोन्ही वेळा तोच. हे मी तिला सांगितलं नाही. बस आली, आम्ही चढलो, तिने तो दोन बोटं नसलेला हात पदरात घेतला.

तर असं आहे. मी नोंदी अजून जपून ठेवल्या आहेत, कोणाला बघायच्या असतील तर या, चहा करते. मला उत्तर सापडलेलं नाही. शपथेवर मी त्या दिवशी खोटं बोलले की काय बोलले, तेही मला अजून कळलेलं नाही.