चाचांचा जोड आणि माझी पहिली तक्रार

बनारसबाहेर बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वेल्डर आहे. मंगला गौरी मंदिराजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच. कोणी पौरोहित्य करतं, कोणी शिकवतं. ठिणग्या उडवणारी मी एकटीच. तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागाने मला युनियनची प्रतिनिधी निवडलं, तेव्हा आई म्हणाली, "वेल्डर झालीस ते झालीस, आता नेतागिरी पण?" आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून आली.

पहिली तक्रार आणली ती चाचांनी. विभागातले सगळ्यात जुने वेल्डर, मला हे काम शिकवणारे. "सुपरवायझरने माझा जोड नापास केला," ते म्हणाले. "तू युनियनची ना? लढ आता."

मी तावातावाने गेले. सुपरवायझरने जोडावर लाल रंग लावला, पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यातून केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा होता, त्यात मुरलेला रंग वर आला होता. बॉयलरच्या आत वाफ कोंडलेली असते. असा तडा एखाद्याच्या जिवावर बेततो.

परत येऊन मी चाचांना सांगितलं.

"चाचा, जोड परत करावा लागेल. यात मी नाही भांडू शकत."

"मग युनियन हवी कशाला?" म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

ते पुढच्या वेल्डिंगला लागले, मी त्यांच्या शेजारीच बसले. पाच मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. वर पाहिलं तर धूर ओढणारा पंखा बंद.

"हा कधीपासून बंद आहे?"

"आठ दिवस झाले. दोनदा सांगितलं. धुरात जोड नीट दिसत नाही." मग हळूच म्हणाले, "परत सांगितलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली."

मी सरळ मॅनेजरकडे गेले. "जोड चुकलाय, तो आम्ही परत करून देऊ. पण पंखा सुरू होईपर्यंत त्या जागी कोणी काम करणार नाही. कंपनी-युनियनच्या करारात तसं लिहिलंय." पान मी उघडूनच नेलं होतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हसले. "चूक आधीच कबूल करून बसलात, आता मी वाद घालू कशावर?"

दुपारी पंखा फिरू लागला. चाचांनी जुना जोड घासून काढला, नवा केला आणि स्वतःच सुपरवायझरला हाक मारली, "या, लावा तुमचा रंग." आम्ही सगळे भोवती गोळा झालो. पावडर पांढरीच्या पांढरी राहिली. चाचा गालातल्या गालात हसले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले.

यंदाच्या निवडणुकीत माझं नाव त्यांनीच सुचवलं. "ही तुमची चूक झाकणार नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "विचार करून हात वर करा."

सगळ्यांनी खरोखरच विचार केला. मला चांगलाच घाम फुटला. मग एकेक करत हात वर गेले.